उन्हाळ्यात टायर का फुटतो?

मे महिन्यात गोंदियाचा पारा 45 अंशांकडे झुकला की जुन्या मोटारसायकलवाल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ऊन कडक आहे, टायरमध्ये हवा कमीच ठेवा. सल्ला प्रेमाने दिलेला असतो, पण तो उलटा आहे. सकाळी 25 अंशांना 28 पीएसआय हवा भरली आणि दुपारी आतली हवा 45 अंशांपर्यंत तापली, तरी दाब वाढतो सुमारे 3 पीएसआय. गाडी धावून हवा 65 अंशांवर गेली तरी वाढ सहाच्या आसपास राहते. कंपनी जो दाब सुचवते तो थंड टायरचा असतो. पुढची वाढ टायर बनवतानाच हिशेबात धरलेली असते. हवा कमी असेल तर मात्र टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि त्या सततच्या वाकण्यातून टायर आतूनच तापतो. मागे धानाचं पोतं असेल तर आणखी तापतो. मग फुटके टायर दुपारीच का दिसतात, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. रस्त्याची उष्णता या आतल्या उष्णतेत भर घालते, आणि वर्षानुवर्षांचं ऊन रबर कडकही करतं. पण धडधाकट, नीट चढवलेला टायर केवळ उन्हाने फुटत नाही.

खरा घोटाळा बहुतेक वेळा टायर चढवतानाच झालेला असतो. जुन्या स्प्लेंडर, राजदूत किंवा बुलेटची चाकं स्पोकची, टायर ट्यूबचे. व्हॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळला की काम पक्कं झालं, असं अनेकांना वाटतं. हा समज सर्वांत घातक आहे. हवा कमी असली की ब्रेक मारताना टायर रिमवर किंचित सरकतो आणि ट्यूबला सोबत ओढतो. नट सैल असेल तर व्हॉल्व्ह तिरपा होतो आणि मालकाला वेळीच कळतं. आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो आणि हवा क्षणात जाते. लोक म्हणतात, टायर फुटला. म्हणून टायर बसला की नट रिमपासून सोडवून वर टोपणापर्यंत फिरवून ठेवावा. जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घालणं ही अशीच खोटी काटकसर: ताणून वाढलेल्या ट्यूबला आत घडी पडते आणि घडीवरच ती झिजते. रिमचा गंज घासून काढणं, वर आलेली स्पोकची टोकं कानशीने सपाट करणं आणि रिमवरची रबरी पट्टी बदलणं, यांना पर्याय नाही. टायर सरकून बसावा म्हणून ग्रीस किंवा ऑइल लावू नये. ते रबर खातं आणि टायर रिमवर घसरतो. साबणाचं पाणी पुरे. हवा भरल्यावर टायरवरची बारीक रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती आत गेली असेल, तर टायर बसलेलाच नाही.

‘आम्ही कायम असेच चढवतो, काही होत नाही,’ हा आक्षेप अनुभवातून येतो, त्यामुळे तो झटकून टाकता येत नाही. गावातल्या गावात, एकट्याने, हळू चालवताना खरंच काही होत नाही. देवरी-कोहमाऱ्याच्या महामार्गावर ट्रकमागे अचानक ब्रेक मारावा लागतो, तेव्हा त्याच चुका उघड्या पडतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या बाणाची दिशाही तिथेच महत्त्वाची ठरते, विशेषतः पावसात, कारण पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा बाणाच्या दिशेनुसार कापलेल्या असतात. जाड टायर म्हणजे जास्त पकड, हेही खरं नाही: अरुंद रिमवर तो चिमटतो आणि त्याचा आकार बिघडतो. साध्या स्पोकच्या रिमवर तर ट्यूबलेस टायरसुद्धा ट्यूबशिवाय चालवू नये, कारण स्पोकच्या छिद्रांतून हवा जाते.

नवा टायर घेताना खाचांची खोली पाहून थांबू नका. बाजूवरचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर न वापरताही म्हातारा होतो; तो परत करा. आणि हवा सकाळी, गाडी काढण्याआधी, पुस्तिकेत दिली आहे तेवढीच भरा, मे महिन्यातसुद्धा.