डहाणू-तलासरीच्या बाजारातून काय घ्यावं

आधी मोहाच्या तेलाबद्दल, कारण मला त्याचं खरंच वेड आहे. मोहाच्या बियांचं हे तेल इथल्या आदिवासी घरांत स्वयंपाकालाही चालतं आणि अंगालाही. थंडीत ते तुपासारखं थिजतं. ती भेसळ नव्हे, तेलाचा गुणच तसा. भेगाळलेल्या टाचांना, कोरड्या कोपरांना रात्री लावा. माझ्या अनुभवात याच्या तोडीचं महागडं क्रीम सापडलेलं नाही. वास मात्र उग्र आहे, आणि चेहऱ्याला ते जड पडतं, तिथे मी लावत नाही. खायला हवं असेल तर खाण्यासाठी काढलेलंच मागून घ्या आणि फोडणीआधी चांगलं तापवा, कडवटपणा कमी होतो.

घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ताजं फळ उत्तमच! पण चिकूची पावडर घेताना पाकिटावरची घटकांची यादी वाचा. साखर मिसळलेली असेल तर ठेवून द्या. निव्वळ चिकूची पावडर दुधात, शिऱ्यात फार छान लागते. पावसाळ्यात तिच्या गुठळ्या होतात, म्हणून लहान पाकीट बरं. चिकूचे चिप्स मला चिवट वाटले.

सुके बोंबील कडक वाळलेले असतील तरच घ्या.

बांबूचं सूप डोळे मिटून घ्या, फक्त ओलं ठेवू नका, बुरशी धरते. आणि ते विणणाऱ्या बाईंशी घासाघीस करू नका, त्या सांगतील ते पैसे द्या.