हरित माहिती तंत्रज्ञान आणि धंद्याचा ताळेबंद: गैरसमज व वस्तुस्थिती

संगणक, सर्व्हर, प्रिंटर, यूपीएस कमी विजेत चालवणे, ते जास्त वर्षे वापरणे आणि निकामी झाल्यावर रीतसर मोडीत काढणे, याला हरित माहिती तंत्रज्ञान म्हणतात. हे पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांचे काम, असा सर्रास समज आहे. पण ग्रामीण भागातही हे काम आहे. उदाहरणार्थ, माळशिरस तालुक्यात शंकरनगर, सदाशिवनगर, माळीनगर, श्रीपूर येथे साखर कारखाने आहेत. शिवाय पतसंस्था आणि दूध संकलन केंद्रे. ऊसनोंद, वजनकाटा, बिले अशी कामे संगणकावर आली की त्यांचा वीजखर्चही ताळेबंदात येतो.

‘यात खर्चच जास्त’ हा समज आकडेमोडीपुढे टिकत नाही. मॉनिटरसह सुमारे 100 वॉटचे 10 डेस्कटॉप रोज 8 तास, वर्षाला 300 दिवस चालले तर 2,400 युनिट जातात. 40 वॉटच्या लॅपटॉपना 960 पुरतात. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेली तरी नोंद अर्धवट राहत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा यंत्रांची उष्णता बाहेर काढणाऱ्या एसीचाही भार हलका होतो.

म्हणून चालते डेस्कटॉप फेकून द्यावेत, हा उलटा गैरसमज. लॅपटॉपच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला मोठा वाटा बहुधा त्याच्या निर्मितीचाच असतो. जुन्या यंत्रात एसएसडी आणि जादा रॅम बसवून आणखी काही वर्षे काम घेणे बहुतेकदा स्वस्तही पडते. स्क्रीनसेव्हरने मात्र वीज वाचत नाही; पडदा बंदच व्हावा लागतो.

‘क्लाउडला वीज लागत नाही’ हेही खरे नाही; क्लाउड डेटा सेंटरांतच चालतो. 2024 मध्ये जगातील सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली. तरी मोठ्या केंद्रातली शीतव्यवस्था कार्यालयातल्या छोट्या सर्व्हर-खोलीपेक्षा सहसा अधिक कार्यक्षम असते.

जुना संगणक भंगारवाल्याला विकला की पैसे सुटतात, हा समज सर्वांत घातक. तारा उघड्यावर जाळल्या की विषारी धूर होतो, आणि हार्डडिस्कवर खातेदारांची माहिती तशीच राहते. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या वापरकर्त्यांना असा कचरा नोंदणीकृत यंत्रणेकडेच द्यावा लागतो.

हरित शिक्का लागला की नफा वाढतो, असेही नाही. नफा बचतीतून आणि कमी खोळंब्यातून येतो. ग्राहकांच्या अटींतूनही तो येऊ शकतो: भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरणविषयक अहवाल सक्तीचा केला आहे, आणि त्यांना माल पुरवणाऱ्यांकडेही आता अशी माहिती मागितली जाऊ शकते. मात्र बचत आपोआप होत नाही: गाळप हंगाम संपल्यावर वजनकाट्यावरचा यूपीएस बंद केला नाही, तर तीही हातची जाते.