पाठीराखा

खेळाच्या मैदानाभोवती जमणाऱ्या माणसांसाठी मराठीत तीन शब्द आहेत. खेळ पाहून घरी जातो तो प्रेक्षक. एखाद्या खेळाडूच्या कौशल्यावर लुब्ध होतो तो चाहता. आणि संघ जिंकत असो वा हरत असो, त्याच्यामागे उभा राहतो तो पाठीराखा. भजनात बुवांच्या मागे बसून अभंगाचे चरण उचलून धरणारे झेलकरी आपल्याला ठाऊक आहेत. बुवांचा सूर लागला नाही तरी झेलकरी उठून जात नाहीत. फुटबॉलच्या पाठीराख्याचे स्थान मला साधारण तसेच वाटते.

गेली चाळीस वर्षे मी फुटबॉलचा पाठीराखा आहे आणि पंचवीसहून अधिक वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करीत आहे. स्मरणिकेत डॉक्टरने आरोग्याविषयी लिहावे, असा संकेत आहे. तो पाळूनच पाठीराखेपणाचा शरीराशी, मनाशी आणि आपण करीत असलेल्या कामाशी काय संबंध आहे, हे थोडक्यात मांडण्याचा येथे प्रयत्न करतो.

गोव्याचा खेळ

फुटबॉल गोव्यात १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी शिवोलीत आणला, असे मानले जाते. पाद्रींच्या शाळांतून तो गावोगाव पोहोचला. त्यामुळे फुटबॉल सासष्टी-बार्देशच्या ख्रिस्ती समाजाचा आणि भजन-नाटक आमचे, अशी एक ढोबळ वाटणी लहानपणी कानावर येई. ती कधीच पूर्ण खरी नव्हती. भारतीय संघाचे कर्णधारपद भूषवणारे आणि २०२२ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झालेले गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हे त्याचे ठळक उदाहरण. १९८२-८३ च्या हंगामात गोव्याने बंगालबरोबर संयुक्तपणे आणि लगेच पुढच्या हंगामात एकट्याने संतोष करंडक जिंकला, तेव्हा देवळाच्या पेडावर बसलेल्या आम्हा पोरांनाही तो विजय आपलाच वाटला होता.

पुढे क्लबांचे युग आले. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स ही नावे देशभर गाजली. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांपैकी आठ हंगामांत राष्ट्रीय लीगचे विजेतेपद गोव्याच्या संघांकडे होते. त्यांतील पाच एकट्या धेंपोची. त्यानंतर २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. मी धेंपोचा पाठीराखा. ज्या संघाने इतके दिले तो राष्ट्रीय पातळीवरून दिसेनासा झाल्यावर पाठीराख्याने काय करायचे, हा प्रश्न तेव्हा माझ्यासारख्या अनेकांपुढे होता. काही जण एफसी गोवाकडे वळले, काहींनी मैदानावर येणेच सोडले, तर काही जण स्थानिक सामन्यांना मूठभर गर्दीत बसत राहिले. २०२४-२५ च्या हंगामात धेंपोचा संघ आय-लीगमध्ये पुन्हा उतरला, तेव्हा हे मूठभर लोक मैदानावर होतेच.

शरीरावर होणारा परिणाम

पाठीराखा स्वतः धावत नाही, तरी त्याचे हृदय धावते. ही अतिशयोक्ती नाही. २००६ ची विश्वचषक स्पर्धा जर्मनीत झाली. त्या काळात म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या आणीबाणीच्या किती घटना घडल्या, याचा अभ्यास २००८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. जर्मन संघाचा सामना असलेल्या दिवशी अशा घटनांचे प्रमाण एरवीच्या २.६६ पट होते, पुरुषांत ३.२६ पट आणि स्त्रियांत १.८२ पट. सामना सुरू झाल्यापासूनचे पहिले दोन तास सर्वाधिक धोक्याचे ठरले. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांना अर्थातच अधिक झळ बसली. ३० जून १९९८ रोजी इंग्लंडचा संघ अर्जेंटिनाकडून पेनल्टी किकवर हरला. त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत इंग्लंडमधील रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नोंदले गेले आहे.

कारणे आपल्या परिचयाची आहेत. भावनिक ताणाने अॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात, नाडी व रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यात जागरण, धूम्रपान, मद्य आणि चुकलेली गोळी यांची भर पडते. १९९४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला हरवले. त्या वेळी दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्या ब्राझीलच्या पाठीराख्यांच्या लाळेतील टेस्टोस्टेरॉन वाढलेले आणि इटलीच्या पाठीराख्यांचे घटलेले आढळले. हजारो मैलांवरच्या जय-पराजयाने शरीरातील रसायने बदलतात. सभासदांपैकी ज्यांना हृदयविकार आहे त्यांना एवढेच सांगणे की, सामना जरूर पाहावा. पण औषध वेळेवर घ्यावे आणि छातीत दुखू लागल्यास शेवटची शिटी होईपर्यंत थांबू नये.

'आम्ही' जिंकलो, 'ते' हरले

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक गमतीदार निरीक्षण प्रसिद्ध केले. विद्यापीठाचा फुटबॉल संघ (त्यांच्याकडचा अमेरिकी फुटबॉल) शनिवारी जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढे. सामन्याविषयी विचारले असता विजयानंतर 'आम्ही जिंकलो' आणि पराभवानंतर 'ते हरले' असे म्हणण्याकडे कल दिसे.

हे वाचल्यावर मला मैदानापेक्षा आपले रुग्णालयच अधिक आठवले. रुग्ण बरा झाला की 'आम्ही वाचवला', आणि दगावला की 'केस फार उशिरा आली'. ही मनुष्यस्वभावाची रीत आहे, तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. परंतु पाठीराखेपणाची कसोटी याच ठिकाणी लागते. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा आणि चेन्नईयिन यांच्यात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. नव्वदी जवळ आली तेव्हा गोवा २-१ ने पुढे होता. त्यानंतर काही मिनिटांतच दोन गोल झाले आणि चेन्नईयिनने ३-२ असा विजय मिळवला. त्या रात्रीनंतर 'आम्ही हरलो' असे जे म्हणू शकले, तेच पुढच्या हंगामात परत आले.

काम, बढती आणि वसा

आता कामाविषयी. अलीकडे तरुण सहकारी भेटतात तेव्हा एक प्रश्न वारंवार विचारतात: 'सर, एवढी वर्षे तेच ताप, तेच जुलाब, तीच वजने. कंटाळा नाही आला?' प्रश्न प्रामाणिक असतो. दिवसाला साठ मुले तपासणाऱ्या, रात्री-अपरात्री फोन घेणाऱ्या आणि अधूनमधून नातेवाइकांचा रोष सोसणाऱ्या डॉक्टरला आपल्या कामात अर्थ आहे की नाही, याचे उत्तर कधीतरी स्वतःपुरते शोधावेच लागते. ते न सापडलेली माणसे थकतात, आणि थकलेल्या डॉक्टरचे रुग्णही सुरक्षित नसतात.

अॅमी रेझ्नेस्की या संशोधिकेने सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये नोकरदारांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसे आपल्या कामाकडे तीन दृष्टींनी पाहतात, असे त्यांना आढळले. काहींसाठी ते पोटापाण्याचे साधन असते, काहींसाठी वर चढण्याची शिडी, आणि काहींसाठी वसा. विशेष असे की, एकाच हुद्द्यावर काम करणाऱ्या कार्यालयीन साहाय्यकांतही हे तीन गट जवळजवळ सारख्याच प्रमाणात होते. पुढे त्यांनी रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांविषयी लिहिले. काही जण फरशी पुसत. काही जण तीच फरशी पुसताना रुग्णाशी दोन शब्द बोलत आणि रुग्ण बरा होण्यात आपलाही वाटा आहे असे मानत. म्हणजे अर्थ हुद्द्यात नसतो. आपण कशाच्या पाठीशी उभे आहोत, हे ज्याला कळले त्याला तो गवसतो.

बालरोगशास्त्रात ही जाणीव विशेष आवश्यक आहे, कारण आमचे बरेचसे यश दिसतच नाही. शल्यचिकित्सकाचे यश गोलासारखे असते; ते घडते आणि सर्वांना दिसते. लस टोचणारा डॉक्टर गोलरक्षकासारखा आहे. जे मूल गोवराने आजारी पडले नाही, त्याचे आईवडील आभार मानायला येत नाहीत, कशाबद्दल मानणार? आमचा सर्वांत चांगला दिवस शून्य-शून्य बरोबरीचा असतो. भारतात २००९ मध्ये पोलिओचे ७४१ रुग्ण नोंदले गेले, २०१० मध्ये ४२, आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यातील एका बालिकेत आढळलेला रुग्ण शेवटचा ठरला. २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. या यशामागे खांद्याला लसीची पेटी अडकवून रविवारी दारोदार फिरलेल्या लाखो स्वयंसेवकांचे श्रम आहेत. त्यांतील बहुतेकांनी पोलिओचा रुग्ण कधी पाहिलाही नसेल. निकाल आपल्या हाती नसताना, श्रेय मिळणार नाही हे ठाऊक असताना, पुन्हा पुढच्या रविवारी हजर राहणे हा पाठीराख्याचा गुण आहे. तरुण सहकाऱ्यांच्या प्रश्नाला मी हेच उत्तर देतो.

पालक आणि मैदान

माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांना पोटदुखी असते आणि सर्व तपासण्या निर्दोष येतात. बोलते केल्यावर कळते की दुखणे सामन्याच्या किंवा परीक्षेच्या दिवशीच येते. मैदानाच्या कडेला उभे राहून 'पास दे, मार, धाव' असे ओरडणारे वडील पाठीराखे नसतात. ते त्या वेळी मुलाच्या पायांनी स्वतः खेळत असतात. दहावीनंतर मुलाने काय शिकावे हे ठरवतानाही हेच घडते. डॉक्टरांच्या घरांत तर फारच. पाठीराख्याला एक मर्यादा असते: तो मैदानात उतरत नाही. मुलाला अर्थपूर्ण वाटणारे काम त्याचे त्यालाच शोधावे लागते. आपण त्याच्या पाठीशी असावे आणि तो हरून आला तर जेवायला वाढावे.

जेव्हा मैदानात उतरावे लागते

या मर्यादेला एक अपवाद आहे आणि तो आपल्या व्यवसायाचा आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यात धेंपोचा ब्राझीलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी झालेल्या धडकेनंतर कोसळला आणि मरण पावला. मोहन बागानविरुद्धचा तो सामना धेंपोने २-० असा जिंकला. दोन्ही गोल त्याचेच होते. आम्हा पाठीराख्यांना त्या करंडकाचा आनंद कधीच झाला नाही.

१७ मार्च २०१२ रोजी लंडनमध्ये बोल्टन संघाचा फाब्रिस मुआम्बा असाच कोसळला. प्रेक्षकांत बसलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. अँड्र्यू डीनर कर्मचाऱ्यांना ओळख सांगून खाली मैदानात धावले आणि उपचार करणाऱ्या चमूला मिळाले. मुआम्बाचे हृदय ७८ मिनिटे स्वतःहून चालू नव्हते. तरी तो वाचला. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन पडला, तेव्हा छातीदाब आणि डिफिब्रिलेटरचा झटका काही मिनिटांत मिळाला. हृदयात यंत्र बसवून तो पुन्हा खेळू लागला आणि १६ जून २०२४ रोजी त्याने युरो स्पर्धेत गोलही केला.

यातून घेण्यासारखे सरळ आहे. हृदय थांबल्यावर उपचारांविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, प्रौढांत निदान पाच सेंटिमीटर खोल दाब देणे कोणालाही शिकता येते. धावताना चक्कर येऊन पडणारे, श्रमाने छातीत दुखणारे, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक दगावले असेल असे मूल खेळण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. ईसीजी आणि गरज भासल्यास इको करून घ्यावा.

आपल्या तालुक्यांत पावसाळा सरला की गावोगाव स्पर्धा भरतात. करंडक, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांच्या खुर्च्या यांची व्यवस्था चोख असते. त्या खुर्च्यांपैकी एकीवर आपल्यापैकी एक डॉक्टर बसावा, जवळ डिफिब्रिलेटर असावा आणि गावातील चार तरुणांना छातीदाब शिकवलेला असावा, एवढी विनंती मी सर्व सभासदांना करतो. बहुतेक सामने काहीही न घडता संपतील आणि आपण नुसता खेळ पाहून घरी येऊ. तसे व्हावे यासाठीच तेथे बसायचे आहे.