संदर्भ देणे ही साक्ष देणेच होय

बीदर वा कलबुर्गी जिल्ह्यातील एखादा धर्मगुरू किंवा धर्मशिक्षक आपल्या मंडळीच्या इतिहासावर अथवा पवित्र शास्त्रावर अभ्यासपूर्ण लेख लिहावयास बसतो, तेव्हा विषय त्याला सहसा अडवीत नाही. अडवितात त्या तळटीपा आणि संदर्भसूची. स्वल्पविराम कोठे, वर्ष आधी की नंतर, हा सारा संपादकांचा काथ्याकूट आहे असे त्याला वाटू लागते. आमचे म्हणणे याहून निराळे आहे. संदर्भ देणे ही साक्ष देणेच होय, आणि वाचकाला मूळ साक्षीदारापर्यंत नेऊन पोहोचविणे एवढाच त्या सर्व नियमांचा हेतू आहे. हा हेतू ध्यानी आला की नियम जाचक वाटत नाहीत.

खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण मुलांना शिकवितो. ग्रंथात जे नाही ते ग्रंथकाराच्या नावावर घालणे ही त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष होय. आणि दुसऱ्याने श्रमाने मिळविलेला विचार आपला म्हणून मांडणे ही चोरी होय. आता याच आज्ञेचा उल्लेख लेखात कसा करावा? कॅथॉलिक व लूथरन परंपरेत ती आठवी, तर आपल्या भागातील मेथॉडिस्ट बंधूंच्या गणनेत ती नववी. केवळ ‘आठवी आज्ञा’ असे लिहिल्यास अर्धे वाचक भलत्याच आज्ञेपाशी जातील. ‘निर्गम २०:१६’ असे लिहिले की संदिग्धता उरत नाही.

ही सोय प्राचीनांना नव्हती. शास्त्राचे आजचे अध्याय तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन यांच्या विभागणीतून रूढ झाले, आणि नव्या कराराची आजची वचनसंख्या रोबेर एत्येन या मुद्रकाने १५५१ साली दिली. म्हणून मार्क १२:२६ मध्ये प्रभू जळत्या झुडपाच्या प्रकरणाचा केवळ नामनिर्देश करतो. आणि इब्री २:६ चा लेखक तर कोठेतरी कोणीतरी साक्ष दिली आहे एवढेच म्हणून आठव्या स्तोत्राकडे वळतो. त्यांच्या श्रोत्यांना शास्त्र मुखोद्गत असे. आपल्या वाचकांविषयी तसे गृहीत धरता येत नाही. स्तोत्रांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. मेंढपाळाचे सुपरिचित स्तोत्र आज २३वे असले तरी जुन्या लॅटिन ग्रंथांत ते २२वे आहे. तेव्हा कोणती गणना व कोणते भाषांतर वापरले, हे लेखाच्या आरंभीच एकदा सांगावे. १९२४ साली प्रसिद्ध झालेले पंडिता रमाबाईंचे भाषांतर आणि बायबल सोसायटीचे भाषांतर यांची शब्दयोजना एक नाही.

ग्रंथाचा संदर्भ देताना लेखक, ग्रंथनाम, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ ही सहा अंगे पाहावीत. गुलाम यझदानी यांचा बीदरच्या इतिहासावरील व वास्तूंवरील इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४७ साली प्रसिद्ध केला. त्यातील माहिती आपण दुसऱ्याच पुस्तकात वाचली असेल, तर तसे स्पष्ट लिहावे. न पाहिलेला ग्रंथ पाहिल्यासारखा दाखवू नये. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रथम १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. पुढे १९०७ साली मंगळूरहून सालढाणा यांची रोमन आवृत्ती व १९५६ साली पुण्याहून शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली. अशा ग्रंथाचे नुसते पृष्ठ देणे व्यर्थ होय. पुराण, अवस्वर व ओवी यांचे क्रमांक द्यावेत आणि आवृत्तीही सांगावी.

हीच अंगे निरनिराळी नियतकालिके निरनिराळ्या क्रमाने मांडतात. शास्त्रीय नियतकालिकांत दोन पद्धती विशेष आढळतात. एकीत मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव व वर्ष येते आणि शेवटी अकारविल्हे सूची असते. दुसरीत मजकुरात केवळ क्रमांक असतो व सूचीही त्याच क्रमाने लागते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची १९७८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे बैठक झाली, तीवरून या पद्धतीस ते नाव मिळाले. ईश्वरविज्ञानाच्या नियतकालिकांत तळटीपांचा प्रघात अधिक आहे. आपण ज्या नियतकालिकाकडे लेख धाडणार, त्याचे नियम प्रथम मागवावेत, आणि एका लेखात दोन पद्धतींची सरमिसळ करू नये.

आपल्या सीमाभागाच्या काही अडचणी मात्र कोणत्याही नियमपुस्तकात सापडत नाहीत. हे दोन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, नंतर म्हैसूर राज्यात आले आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. गुलबर्ग्याचे कलबुर्गी २०१४ साली झाले. २००५ साली स्थापन झालेला धर्मप्रांत मात्र गुलबर्गा याच नावाने ओळखला जातो. म्हणून मूळ कागदावर जे नाव असेल तेच द्यावे, आजचे कंसात लिहावे. निजामी अमलातील कागदांवर फसली सन आढळतो. दख्खनच्या फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने ‘१३५७ फसली (१९४७-४८)’ असे लिहावे. नावांचीही काळजी घ्यावी. ‘टिळक, नारायण वामन’ हे योग्य. परंतु ज्याला आडनावच नाही, त्याच्या पित्याच्या नावाला आडनाव ठरवून सूचीत उलटवू नये. तसे केल्यास लेखक स्वतःच्याच ग्रंथापासून दुरावतो.

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या खेड्यांतील कित्येक मंडळ्या ज्यांनी उभ्या केल्या, त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात आलेली नाहीत. ती वृद्धांच्या स्मरणात आहेत. त्यांची कथने आपण ‘असे सांगतात’ एवढ्यावर भागविली, तर लिहिता न येणारा साक्षीदार आपल्या हातून दुसऱ्यांदा पुसला जातो. म्हणून सांगणाऱ्याचे नाव, गाव, दिनांक, कोणत्या भाषेत सांगितले आणि मराठीत कोणी आणले, हे सारे टीपेत यावे. मात्र नाव छापण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी. नाव उघड झाल्याने त्याला उपद्रव होण्याचा संभव असेल, तर टीपेत केवळ सांकेतिक अक्षर द्यावे, तसे केल्याचे नमूद करावे आणि मूळ नोंद सुरक्षित ठेवावी.

लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या वृत्तान्ताचा आणि स्वतः केलेल्या शोधाचा उल्लेख केला आहे. थियफिलाला शिक्षणाची निश्चिती पटावी, हा त्याचा हेतू होता. आपल्या लेखनाचा हेतूही तोच असेल, तर लेख पुरा झाल्यावर नव्हे, टिपण काढतानाच ग्रंथनाम, वर्ष व पृष्ठ लिहून ठेवण्याची सवय लावावी. लेख धाडण्यापूर्वी प्रत्येक संदर्भ मूळाशी एकदा ताडून पाहावा. आणि जो ताडता आला नाही, तो गाळावा.