विश्लेषण : जुन्नरच्या लेण्यांतले 'यवन' आणि रोमच्या सम्राटाचं सोनं

मंचर, कळंब मागे टाकून जुन्नरला पोहोचलात, की पुढे नाणेघाट. तिथला दगडी रांजण जकातीचा, असं प्रत्येक ट्रेकर सांगतो. पण दोन हजार वर्षांपूर्वी या व्यापारात खेळणारा पैसा कुणाचा होता?

एक धागा लेण्यांतच आहे. जुन्नरच्या ब्राह्मी लेखांत तीन यवन दाते भेटतात. इरिलने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चितने भोजनमंडप आणि चंदने मानमोडीच्या चैत्याचा दर्शनी भाग. यवन म्हणजे थेट रोमनच, असं नाही. ग्रीक आणि पश्चिमेकडच्या लोकांना तेव्हा सरसकट हाच शब्द होता.

रोमन सोन्याच्या नाण्याला ऑरियस म्हणत. एक ऑरियस म्हणजे १०० सेस्टर्स. भारत दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी तक्रार पहिल्या शतकात प्लिनीने नोंदवली. म्हणजे ५ लाख ऑरियस. नीरो बादशहाने इ.स. ६४ मध्ये वजन कमी केल्यानंतरचं, सुमारे ७.३ ग्रॅमचं नाणं धरलं, तरी साडेतीन टनांहून जास्त सोनं! अर्थात हा आकडा प्लिनीचा; त्यात रागाचा भाग किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

टायबेरियसच्या नाण्यावर काय दिसतं? पुढच्या बाजूला पानांचा मुकुट घातलेला सम्राट आणि भोवती लॅटिनमध्ये 'देवस्वरूप ऑगस्टसचा पुत्र'. मागे हातात फांदी घेऊन बसलेली स्त्री. आजच्या भाषेत, खिशात मावणारा फ्लेक्स.

इथे लॅटिन वाचणार कोण? भाव सोन्याचा आणि वजनाचा. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला १८९८ मध्ये ५०१ रोमन सुवर्णनाणी मिळाली. बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे.

चेहऱ्याची कल्पना मात्र आपल्याकडे रुजली. मानमोडीच्या लेखात (वर्ष ४६) अमात्य अयमाने ज्याचं नाव कोरलं, त्या क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचं मस्तक आणि भोवती ग्रीक अक्षरं आहेत. ही धाटणी रोमन नाण्यांवरून आली, असं काही अभ्यासक मानतात. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि त्याच नाण्यांवर आपला ठसा मारला. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या १३ हजारांहून अधिक नाण्यांपैकी ९ हजारांवर असा दुहेरी ठसा आहे. शत्रूचा चेहरा मिटवायला वेगळं सोनं-चांदी कशाला?

नांगरताना जुनं नाणं सापडलं तर?

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा जास्त मोलाचं गुप्तधन मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हिस्सा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सराफाकडे वितळवलं, तर उरतो फक्त सोन्याचा भाव. आणि हो, नाणं चिंचेने घासून चकचकीत करू नका. जागेचा फोटो काढा, किती खोलीवर मिळालं ते लिहून ठेवा.