माळरान ओसाड नसते

पहिला पाऊस पडला की सोलापूर, अहिल्यानगर आणि पूर्व पुण्याच्या माळांवर खड्डे खणले जातात. शाळा, कंपन्या, मंडळे रोपे घेऊन येतात आणि 'उजाड माळ हिरवा' करण्याचा संकल्प सोडतात. हेतूबद्दल शंका नाही. पण त्यामागे माळरानाविषयीचे काही पक्के गैरसमज आहेत आणि त्यांची किंमत तिथले पशुपक्षी मोजतात.

'इथे पूर्वी दाट जंगल होते, माणसाने ते तोडले' हा त्यातला सर्वांत खोलवर रुजलेला समज. सह्याद्रीने पावसाचे ढग अडवल्यामुळे त्याच्या पूर्वेकडच्या पर्जन्यछायेत वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जेमतेम चार महिन्यांत. खाली काळा बेसाल्ट, वर मातीचा पातळ थर. पुढचे आठ महिने कोरडे, अधूनमधून वणवा, आणि चरणारी जनावरे. अशा जमिनीवर गवताचीच सरशी होते. पवन्या, मारवेल, कुसळी यांच्यामध्ये हिवर, बोर, तरटी अशी झाडे विरळ उभी राहतात. उन्हाळ्यात हे गवत वरून वाळते, पण मुळांशी जिवंत असते आणि वळवाच्या दोन सरींत पुन्हा फुटते. भारतीय उपखंडात अशी गवते पसरली त्याला ७० ते ८० लाख वर्षे झाली. म्हणजे कुऱ्हाड सोडाच, माणूसही तेव्हा नव्हता.

याचा अलीकडचा पुरावा तर आपल्याच साहित्यात सापडला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनच्या मराठी ओव्या, चरित्रे आणि कथांमधले वनस्पतींचे उल्लेख तपासले. २०२५ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की पश्चिम महाराष्ट्राच्या या भागातले विरळ झाडांचे गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षे तरी तसेच आहेत. उल्लेखिलेल्या रानवनस्पतींपैकी बहुसंख्य उघड्या माळाच्याच आहेत. पंढरपूरच्या मंदिरात कान्होपात्रेचे म्हणून ज्या झाडाला वारकरी हात जोडतात, ते तरटीचेच. तरीही ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक, ही इंग्रजी अमलातली नजर आपण जपली. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत आजही झुडपी माळांची नोंद होते.

दुसरा समज: झाड कुठेही लावले तरी भलेच होते. माळढोकाकडे पाहा. चौदा-पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालतो. त्याची सुरक्षितता दूरवर दिसण्यात आहे. मध्ये गिरिपुष्प किंवा सुबाभळीच्या रांगा उभ्या राहिल्या की शत्रू दिसत नाही, अंड्यांवर टपलेल्या कावळ्यांना मात्र बसायला फांदी मिळते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. आज तिथे हा पक्षी दिसणे ही दुर्मीळ गोष्ट झाली आहे. दोष एकट्या झाडांचा नाही. माळ नांगराखाली गेले, कुत्री वाढली, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये त्यावर आदेशही झाला. रानात उरलेल्या माळढोकांची संख्या दोनशेहूनही कमी आहे.

झाडांमुळे कार्बन साठतो, हे खरे. मात्र गवताळ प्रदेशातला बहुतांश कार्बन मुळांत आणि मातीत असतो. वणव्यात झाड जळते, मातीतला साठा बराचसा टिकतो. तो माळ खणून आपण नेमके काय कमावतो, याचा हिशेब लागवडीच्या फलकांवर कधी नसतो.

लांडगा जंगलातून वाट चुकून गावाकडे येतो, असेही मानले जाते. दख्खनचा लांडगा माळावरच जन्मतो, तिथेच पिल्ले वाढवतो. तो मेंढ्या नेतो हे धनगरांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. आज त्याला मोठा धोका आहे तो भटक्या कुत्र्यांचे आजार आणि त्यांच्याशी होणारा संकर यांचा.

राहिला प्रश्न चराईचा. बेसुमार चराईने माळ खंगतो, यात वाद नाही; पण गुरे पूर्ण हटवली म्हणजे निसर्ग सुधारतो, हेही खरे नाही. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत १९८२ मध्ये चराई बंद झाली. म्हशी गेल्यावर पाण्यातल्या गवताने तळी इतकी व्यापली की बदके आणि इतर पाणपक्ष्यांना जागा उरेना. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातूनच हे पुढे आले. माळाला मेंढरे हवीत. किती आणि कोणत्या महिन्यात, एवढेच ठरवायला हवे.

या जून-जुलैत तुमच्या संस्थेची लागवड ठरत असेल तर एक विनंती आहे. खड्डे घेण्याआधी तिथल्या मेंढपाळाला विचारा, गवत कोणते आहे, काळवीट आणि लांडगे येतात का. उत्तर 'हो' आले तर रोपे शेताच्या बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात लावा आणि माळ तसाच राहू द्या.