नागपूरची लहर आणि वऱ्हाडातील गच्च्या

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. त्याची ५८५ किलोहर्ट्झची मध्यम लहर अमरावती-अकोल्याच्या अनेक घरांत वर्षानुवर्षे ऐकली गेली. श्रोते त्याचे श्रेय उंच मनोऱ्याला आणि शक्तिशाली प्रक्षेपकाला देतात. अशा मनोऱ्याच्या पायथ्याशी असणारी छोटी खोली मात्र उपेक्षितच राहते. तिच्यात तांब्याची वेटोळी आणि मोठे कपॅसिटर असतात. तंत्रज्ञ त्यांना 'मॅचिंग नेटवर्क' म्हणतात.

बदलत्या विद्युतप्रवाहाला मंडलाकडून होणारा एकूण विरोध म्हणजे इम्पीडन्स, अर्थात संरोध. तो ओहममध्ये मोजतात. केबल आणि अँटेना यांचे संरोध भिन्न असले, तर सांध्यापाशी लहरीचा काही भाग माघारी फिरतो. बारीक दोरीला जाड दोर बांधून झटका दिल्यास गाठीपाशी असेच घडते. एकाचा संरोध दुसऱ्याच्या चौपट असेल, तर ३६ टक्के शक्ती परतते. ३०० किलोवॅटच्या प्रक्षेपकाच्या बाबतीत हा आकडा १०८ किलोवॅट होतो! जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरी मिसळून केबलमध्ये ठिकठिकाणी व्होल्टेज चढते, ठिणग्या पडू शकतात. म्हणून संरक्षक यंत्रणा प्रक्षेपक तत्काळ बंद करते.

मग साधा रोध लावून जुळवणी का करू नये? कारण रोध शक्तीची उष्णता करून टाकतो. वेटोळे आणि कपॅसिटर ती क्षणभर साठवून परत देतात. एक मार्गात आणि दुसरा मार्ग व जमीन यांच्यामध्ये जोडला, की केबलला अँटेना आपल्याच संरोधाची भासते. अर्थात ही जुळवणी ठरावीक वारंवारतेपुरतीच. राष्ट्रीय वाहिनीसाठी १९८८ मध्ये नागपूरहून सुरू झालेल्या १५६६ किलोहर्ट्झच्या लहरीला ५८५ची जुळवणी चालली नसती.

हेच तत्त्व एके काळी वऱ्हाडातील गच्च्यांवरही होते. दूरदर्शनच्या अँटेनाचा दुमडलेला दांडा सुमारे ३०० ओहमचा, खाली येणारी गोल केबल ७५ ओहमची. दोहोंमध्ये 'बालून' नावाची इवलीशी डबी बसवत (फुग्याशी तिचा काही संबंध नाही). तिच्यातील गुंडाळ्यांच्या वेढ्यांचे प्रमाण २:१ असते आणि संरोध वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ३००चे ७५ होतात. प्रक्षेपक जवळ असला, तर डबीवाचूनही चित्र दिसे. दूरच्या गावी मात्र मुळातच क्षीण असलेल्या संकेताचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग वाया जाई आणि पडद्यावर मुंग्या दिसू लागत. घरातले मग गच्चीवर जाऊन अँटेनाच फिरवत बसत.